धाकटीच्या भाषा आणि माझा जळफळाट

रायपूरला कोणी बघायला म्हणून जात नाही. माझ्या ओळखीतले लोक काशीला जातात, केरळला जातात, ज्यांची मुलं तिकडे आहेत ते अमेरिकेला जाऊन येतात आणि आल्यावर महिनाभर तिथल्या रस्त्यांबद्दल बोलतात. मी रायपूरला जाऊन आले म्हटल्यावर सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, "अय्या, तिथे काय आहे?" तिथे माझी धाकटी बहीण आहे, विमल. आणि तिच्याकडे जे आहे ते माझ्याकडे नाही, हे मी या वयात स्वतःच्या डोळ्यांनी बघून आले.

जाण्याचं निमित्त असं. विमलचा मुलगा प्रशांत पुण्यातच असतो, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. श्रावण लागता लागता तो एकटाच आला, आणि चहासुद्धा न घेता बसला. "मावशी, आईने दूध गॅसवर ठेवलं आणि घर उघडं टाकून निघून गेली. एकदा नाही, दोनदा. बाबा गेल्यापासून एकटी आहे. तू जा, तिला समजव. डोक्याचा फोटो काढून झालाय, एक तपासणी राहिलीय ती बरोबर राहून करून घे. आणि तिला घेऊनच ये."

मी लगेच हो म्हटलं. त्यात बहिणीची माया होती आणि एक आतली गोष्टही होती. वर्षभर माझेच शब्द गळत होते. चहा करताना सुनेला म्हणावं लागलं, "ते दे गं, ते भोकांचं." सारा जन्म शाळेत मराठी शिकवलेल्या बाईने! 'गाळणी' हा शब्द मला संध्याकाळी आठवला, तेव्हा घरात कोणी नव्हतं, म्हणून मी तो फ्रिजला सांगितला. त्यामुळे विमलचं माझ्यापेक्षा जास्त बिघडलंय हे ऐकून वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं.

आम्ही दोघी वर्ध्याकडच्या. मी लग्न होऊन पुण्यात आले, ती मागाहून रेल्वेतल्या नवऱ्याबरोबर रायपूरला गेली. पुण्यात पहिल्याच पंगतीत मी "मले भूक नाई" म्हणाले आणि सगळं सासर हसलं. तेव्हाच्या त्या बावीस वर्षांच्या शहाणीने काय करावं? आरशासमोर ओठ मुडपून 'मला, तुला, कशाला' घोकलं आणि बघता बघता पुणेकरांपेक्षा जास्त पुणेकर झाली. पुढे विमलच्या लग्नात विमलने उखाणा घेतला, तर या शहाणीने भर मांडवात तिचं 'माह्या' दुरुस्त करून 'माझ्या' केलं. व्याही बघतायत, नवरदेव घास हातात धरून बसलाय आणि ही बया व्याकरण शिकवतेय. आज ती शहाणी मला रस्त्यात भेटली तर तिचा अंबाडा धरून ओढीन.

गुढियारी

गाडीतल्या रात्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. स्टेशनच्या मागच्या अंगाला, मालधक्क्याच्या बाजूला गुढियारी आहे. पोती, ट्रक, हातगाड्या, आणि त्यांच्यामधून कशाबशा सुटणाऱ्या स्कूट्या. गल्ली इतकी अरुंद की ऑटोवाल्याने मला तोंडाशीच उतरवलं. मी बॅगेवर बसून राहिले. समोरून विमल आली. केस पांढरेशुभ्र, पाठ ताठ. (जळफळाटाला सुरुवात पाठीपासूनच झाली.) येता येता तिने आडव्या लावलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला हिंदीत झापलं. वरच्या गॅलरीतल्या बाईला तेलुगूत काहीतरी सांगितलं, त्यावर ती बाई खो खो हसली. कोपऱ्यावर भाजी घेऊन बसलेलीला इकडच्या बोलीत "हव, आथंव, आथंव" म्हणून आपण येतोच आहोत असं कळवलं. आणि मधे श्वासही न घेता माझ्यापाशी येऊन म्हणाली, "काहून वं ताई, इतली वाळली? पुण्यात जेवाले नाई देत का तुले?"

एवढ्याशा गल्लीत चार भाषा. मी सवयीने तिच्या चुका टिपायला गेले, तर हिंदी कुठे संपली आणि मराठी कुठे सुरू झाली हेच हाती लागेना.

घरात शिरल्याबरोबर तिने फरा पुढे ठेवला. तांदळाच्या पिठाची उकडलेली बोटं, वर तीळ-मिरचीची फोडणी. आपल्या मोदकाच्या उकडीला कोणी तिखटाचा नाद लावला तर जे होईल ते. बरोबर मात्र वर्ध्याचा ठेचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बासी खाल्ली, म्हणजे रात्रभर पाण्यात राहिलेला भात, वर कच्चा कांदा. आमच्याकडे शिळा भात म्हणजे घरात काहीतरी कमी आहे असं समजतात, इथे तो पाहुण्यालाही हौसेने वाढतात. चव लागली. दुसऱ्यांदा मागून घेतला.

मी तिच्यावर पाळत ठेवून होते. दूध उतू जातंय का, गॅस चालू राहतोय का. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. मला थोडं फसवल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी एक बाई न विचारता आत आली. उंच, हातभर गोंदलेली, पदराखाली झाकलेली वाटी. विमल लगबगीने उठली.

"सीताराम भोजली."

"सीताराम भोजली," बाई म्हणाली.

दोघी एकमेकींना एकाच नावाने हाक मारतायत! बाईने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विमलला विचारलं, "तोर दीदी तोला लेगे बर आय हे का?"

"काय म्हणते?" मी विचारलं.

"विचारून राहिली, प्रवास बरा झाला का."

एवढे डोळे वटारून प्रवासाची चौकशी? (ती 'तुझी ताई तुला न्यायला आलीय का' असं विचारत होती, हे मला मागाहून कळलं.) मी म्हटलं, "तिला सांग, प्रवास छान झाला. आणि आमच्याकडे पाहुणीला दोन मिनिटं टेकू देतात."

विमलने ते सांगितलं. बाई प्रसन्न हसली आणि वाटी माझ्या हातात दिली. म्हणजे विमलने नक्की भलतंच काहीतरी सांगितलं होतं.

मी मोडक्या हिंदीत तिचं नाव विचारलं. "मोंगरा," ती म्हणाली. दोन घरं सोडून पिठाची चक्की आहे, ती तिची. ती गेल्यावर मी म्हटलं, "तुझी ही मोंगरा फार आगाऊ आहे हं." विमलने जीभ चावली.

"तू घे बाप्पा तिचं नाव. मी नाई घेत."

"म्हणजे?"

मग तिने सांगितलं. इथे श्रावणात टोपलीत गहू पेरतात आणि अंधारात वाढवतात. पिवळे, लवलवीत कोंब येतात, त्यांना भोजली म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी बायका गाणी म्हणत ती तलावात विसर्जित करतात, आणि ज्या दोघींना जन्माची मैत्री करायची असते त्या एकमेकींच्या कानावर ते कोंब खोवतात. मग त्या एकमेकींच्या 'भोजली'. जात वेगळी असो, भाषा वेगळी असो, घरची सुखदुःखं एक. आणि त्या दिवसापासून एकमेकींचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. विमल नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला इथलं अक्षर कळत नव्हतं, आणि मोंगराने तिला चक्कीवर बसवून बोलायला शिकवलं. त्याच श्रावणात दोघींनी कोंब खोवले.

आपल्याकडेही घटातलं धान दसऱ्याला टोपीत खोवतात. आणि नाव न घेण्याचं म्हणाल तर आमच्या पिढीने जन्मभर नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर घेतलं नाही. पण मैत्रिणीला हा मान? मला अशी एकही बाई आठवेना जिचं नाव मी आदराने गिळलं असेल. मी फक्त विसरते.

"मी तुझी सख्खी बहीण," मी म्हटलं. "माझं नाव घेतेस की नाही?"

"तुले तं ताई म्हणते नं. तुहं नाव घ्यायची माही हिंमत हाय का?"

ही समजूत होती की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर मी विमलशी बोलायला बसले की चक्की बंद होई आणि मोंगरा दारात उभी राही. ती मला लागेल असं बोलायची, मी तिला लागेल असं बोलायचे, आणि मधे विमल. मी म्हणायचे, "हिला घरी काही काम नाही का?" विमल तिकडे काहीतरी सांगायची आणि मोंगरा माझ्यासाठी ठेठरी घेऊन यायची. बेसनाची, कुरकुरीत. भांडायलासुद्धा एक भाषा लागते. तिच्याशी धड भांडता येत नाही याचा मला इतका राग आला की मी सगळी ठेठरी संपवली.

नवा रायपूर

राजधानी झाल्यावर गावाबाहेर सरकारने नवं शहर वसवायला घेतलं. ते दाखवायला विमल मला घेऊन गेली. रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये, फक्त पलीकडे माणूस नाही. झाडं ओळीने लावलेली, दिवे ओळीने लावलेले, मधे एक गाय निवांत बसलेली. पुण्याच्या रस्त्यावर मी कोपर सांभाळत चालते, म्हणून मला या गाईचाही हेवा वाटला.

एका नव्या कोऱ्या बाकावर बसून मी विषय काढला. "विमल, पुण्याला चल."

"प्रशांतनं पाठवलं नं तुले?"

"मलाही वाटतं. दोघी म्हाताऱ्या एका गावात राहू. संध्याकाळी बागेत जाऊ."

"तिथं मी बोलू कोणाशी?"

"माझ्याशी."

"एकट्या तुह्याशी? दिवसभर?" ती इतकी घाबरली की मला हसावं की रडावं कळेना. "अवं ताई, तू तं माह्यं प्रत्येक वाक्य दुरुस्त करशीन. मंग मी बोलणंच सोडून देईन."

"प्रशांत आहे, सून आहे, नातवंडं आहेत."

"पोट्टे मोबाइलमध्ये. विचारलं तं एक शब्द हिंदीत. तो झाला का दिवस संपला." ती गाईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सौदा करू. डाक्टर म्हणला का एकटी राहू नोको, तं मी येते. राहू शकते म्हणला, तं तुम्ही कोणी मले पुन्हा विचारायचं नाई. मंजूर?"

"मंजूर," मी म्हटलं. मनातून मी डॉक्टरच्या बाजूने होते, म्हणजे 'नको' म्हणणाऱ्या डॉक्टरच्या.

सदर बाजार

नातसुनेसाठी चांदीची एक वस्तू घ्यायची होती म्हणून सदर बाजारात गेलो. कापडवाले, सराफ, भांडीवाले, आणि त्यांच्यामधून बाणासारख्या सुटणाऱ्या दुचाक्या. विमल शेजारच्या दुकानात काही बघत राहिली आणि मी ऐटीत एकटीच सराफाकडे शिरले.

"क्या दिखाऊं, माताजी?"

आणि शब्द गेला. हिंदीतला गेला तर समजू शकते, मराठीतलाही गेला. पायात घालतात, बोटात, लग्न झालेल्या बायका. सगळं माहीत, फक्त नाव नाही. शेवटी मी चप्पल काढून पाय उचलला आणि बोट दाखवलं. सराफ घाबरला. त्याने आतून स्टूल मागवलं, पाणी मागवलं, "कहां लगी, माताजी?" म्हणत पंखा माझ्याकडे वळवला. बाहेरची दोन माणसं डोकावली. मी एका पायावर उभी.

विमल आली, एकदा पायाकडे आणि एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि म्हणाली, "भैया, बिछिया दिखाओ. इनको जोडवी चाहिए."

जोडवी! घेतली, आणि बाहेर आल्यावर मी रस्त्यातच थांबले. "विमल, तुझं असं कधी होत नाही?"

"होत नाई कसं? रोज होते."

"मग तू काय करतेस?"

"मराठीत अडलं तं हिंदीतून काढते. हिंदीत अडलं तं इकडलं बोलते. मी बिछिया विसरली तं जोडवी म्हणीन, जोडवी विसरली तं आणखी काई. बोलणं थांबू नाई देत. लोकायले वाटते, म्हातारीची सवय हाय." ती हसली. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "दुधाचं खरं हाय, ताई. मी घराबाहेर कायले निघाली, तेही आठवत नव्हतं. कोणाले सांगू नोको."

मला इतके दिवस ज्या डोक्याचा हेवा वाटत होता ते डोकं गळकंच होतं. तिच्याकडे फक्त खाली ठेवायला भांडी जास्त होती. पण त्याने हेवा कमी झाला नाही, वाढला. माझ्याकडेही एक जास्तीचं भांडं होतं. ते आरशासमोरच्या त्या शहाणीने स्वतःच्या हाताने फेकून दिलं.

शंकर नगर

डॉक्टरांचं क्लिनिक शंकर नगरमध्ये होतं. तपासणी घेणारी मुलगी होती मीनाक्षी. भंडाऱ्याकडचे लोक, जन्म इथला. मी मराठीत बोलले की तिला सगळं कळे आणि उत्तर हिंदीत येई. मी मागच्या खुर्चीत बसले, मधे न बोलण्याच्या अटीवर. शिक्षिकेला ही अट म्हणजे शिक्षा असते.

विमलने कागदावर घड्याळ काढलं, काटे नीट दाखवले. पाच शब्द ऐकून थोड्या वेळाने सांगायचे होते, त्यातला एक गेला. (मी मनात सांगून पाहिले. माझे दोन गेले.) मग जितके आठवतील तितके प्राणी.

"कोणत्या भाषेत?" विमलने विचारलं.

"जो मन करे, आंटी."

मग काय विचारता! गाय, म्हैस, हत्ती, कोलिहा, बेंदरा, शेर, डुक्कर, चांटी... जिथे एक भाषा अडखळेल तिथे दुसरी पुढे येत होती. 'गरुवा' आलं तेव्हा मीनाक्षीचं पेन थांबलं. गाय एकदा झाली होती. तिने ते धरलं नाही. मला अन्यायही वाटला आणि आनंदही झाला.

शेवटी घरगुती प्रश्न. प्रशांतने फोनवरून आधीच सगळी माहिती देऊन ठेवली होती, तिच्याशी उत्तरं ताडून बघायची होती. मुलाचं नाव बरोबर. गल्ली बरोबर. "और आपकी सबसे पक्की सहेली का नाम?"

"भोजली," विमल म्हणाली.

मीनाक्षीने समोर बघितलं. "नहीं आंटी, आराम से याद कीजिए."

"भोजली."

"म से शुरू होता है."

विमलने ओठ मिटले. मी लहानपणापासून ते मिटलेले ओठ ओळखते. एकदा मिटले की आईचा मार खाऊनही उघडत नसत. तिच्या दृष्टीने हा प्रश्नच असभ्य होता आणि त्यावर अक्षरं सुचवणं तर आगाऊपणा. ती खिडकीबाहेर बघत बसली. मीनाक्षी माझ्याकडे वळली. "मौसीजी, इनकी सहेली का नाम भोजली है क्या?"

बघा, मला खोटं बोलायचीही गरज नव्हती. मी म्हणाले, "नाही. तिचं नाव मोंगरा."

मीनाक्षीने मान हलवून काहीतरी लिहिलं. माझ्या डोळ्यांसमोर आमची पुण्यातली बाग आली, बाकावर मी आणि विमल, आणि बाकावर तिसऱ्या बाईला जागा नाही. विमलने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर कुतूहल होतं, की बघू या आता ताई काय करते.

"थांब गं," मी मीनाक्षीला म्हटलं. "तुझी आजी आजोबांचं नाव घ्यायची का?"

"नहीं. अहो बोलती थी."

"का?"

"नाम नहीं लेते थे ना."

"तिला आठवत नव्हतं का?"

मीनाक्षी हसायला लागली, मग हसता हसता थांबली. मी तिला भोजलीचं सगळं सांगितलं. जन्म रायपूरचा, पण कॉलनीत वाढलेली मुलगी, तिने भोजली फक्त टोपल्यांमध्ये पाहिली होती. तिने लिहिलेलं खोडलं.

"ताई," विमल म्हणाली, "तुले तं बम वेळ लागला वं!"

चहासाठी तिला बाहेर बसवून डॉक्टरांनी मला आत बोलावलं. नागपूरला शिकलेले, मराठी चांगली होती. फोटो दाखवून म्हणाले, "मेंदू इथे आटायला लागलाय. वयाच्या मानाने जास्तच. तपासणीच्या आधी हा फोटो पाहिला तेव्हा मला वाटलं होतं, या बाईंची अवस्था पुष्कळ वाईट असणार."

"मग ती एवढी चालती-बोलती कशी?"

"घरी किती भाषा बोलतात?"

"जो दिसेल त्याची."

"माणूस असं रोज करतो तेव्हा मेंदूला सारखं एक काम पडतं. समोर कोण आहे ते बघून एक भाषा पुढे करायची आणि बाकीच्या दाबून धरायच्या. वर्षानुवर्षं हे केलं की मेंदूकडे थोडी शिल्लक राहते, असं पुष्कळ अभ्यासकांना वाटतं. आजार त्याने अडत नाही, पण दिसायला उशीर होतो. सगळ्यांना हे पटलेलं नाही हेही सांगतो. शिक्षण, काम, माणसं, चालणंफिरणं, कशाचा वाटा किती यावर अजून वाद आहेत."

बाकीच्या दाबून धरायच्या. मला आठवलं, गेले कित्येक दिवस ही बाई माझे टोमणे आणि मोंगराचे टोमणे दोन्हीकडून दाबून धरत होती आणि आम्हा दोघींना ठेठरी खायला घालत होती.

"डॉक्टर, मलाही येतात. मराठी, संस्कृत, थोडं इंग्रजी."

"संस्कृतात रोज कोणाशी बोलता?"

"देवाशी."

"तो मधेच विषय बदलतो का?"

मीच विषय बदलला. मग खरा प्रश्न विचारला. ती एकटी राहू शकेल का?

"आजार सुरू झालाय, मी लपवणार नाही. आणि उशिरा दिसायला लागतो तेव्हा कधी कधी भराभर वाढतो. पण आज, रोज कोणीतरी डोकावणारं असेल आणि गॅसचा बंदोबस्त केला तर, राहू शकतील. त्यांचं बोलणंचालणं मात्र तोडू नका."

ऑटोत विमलने विचारलं, "काय म्हणला?" मी सगळं सांगितलं. फोटोचंही. तिने पदराने चष्मा पुसला, पुन्हा घातला. "मंग? राहू नं मी?"

"सौदा झालाय," मी म्हटलं. पण प्रशांतला फोन मी करायचा होता. फोटोचं सांगून 'शिल्लक' गाळली असती तर तो दुसऱ्या दिवशी विमानाने आला असता. ऑटो गुढियारीत वळेपर्यंत मी ती शक्यता चांगली चघळली.

गॅसचा बंदोबस्त मोंगराने केला. विमलने तिला काय सांगितलं कोण जाणे, पण ती दोन पोरांना घेऊन आली आणि सिलिंडर उचलवून स्वतःच्या घरी नेला. आता स्वयंपाक तिथे, दोघींचा एकत्र. मला कोणी विचारलं नाही.

तलाव

राखीच्या दुसऱ्या दिवशी पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सगळ्या बायका भोजलीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन तलावाकडे निघाल्या. पिवळे कोंब वाऱ्यावर हलत होते आणि गाणं एकीकडून उठून दुसरीकडे जात होतं. मला एकही ओळ कळत नव्हती. विमलला कळत होती, आणि ती मोठ्याने म्हणत होती. मधली एक ओळ ती विसरली, तेव्हा मोंगराने तिच्याकडे न बघता आवाज चढवला आणि पुढची ओळ येईपर्यंत दोघींच्या वाटचं गायली.

पाण्यात उतरून त्यांनी टोपल्या बुडवल्या, कोंब धुतले. दोन लहान मुली एकमेकींच्या कानावर ते खोवत होत्या आणि गुदगुल्या झाल्यामुळे हसत होत्या. त्यांना कल्पना तरी होती का, आपण कशाला होकार देतोय? मी पायरीवर बसून फोन लावला.

"मावशी, खरं सांग," प्रशांत म्हणाला. "आई ठीक आहे ना?"

"ठीक नाही. आजार आहे."

मीच पुढे म्हणाले, "पण इथे ती सकाळपासून रात्रीपर्यंत दहा जणांशी दहा तऱ्हेने बोलते, म्हणून तो आजार तिच्यापर्यंत पोचायला दमतोय. पुण्यात तिच्याशी बोलायला मी एकटी. मी तिला महिन्याभरात आजारी करीन."

"आणि वाढलं तर?"

"तेव्हा तू इथे ये. मीही येईन. तिला उचलून नेऊ नकोस."

"तूच म्हणाली होतीस, घेऊनच येते."

"मी पुष्कळ काय काय म्हणते, रे."

तेवढ्यात विमल आणि मोंगरा पाण्यातून वर आल्या, ओल्या लुगड्यांनी. मी फोन विमलच्या हातात दिला. ती पायऱ्यांच्या टोकाला जाऊन मुलाशी बोलायला लागली, मधे मराठी, मधे हिंदी, एकदा हसली, एकदा पदर तोंडाला लावला. मोंगरा माझ्याशेजारी येऊन बसली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. आम्हा दोघींकडे बोलायला एकही पुरेशी भाषा नव्हती, म्हणून आम्ही विमलकडे बघत बसलो. तिचा फोन संपल्यावर ती आधी माझ्याशी बोलेल, असं मला वाटत होतं. शेजारची बाई पदर पिळत पुढे सरकून बसली, तेव्हा कळलं की तिलाही स्वतःबद्दल तसंच वाटत होतं.